१० × ८ च्या फ्लेक्सला ३०० डीपीआय? नाटकाचं पोस्टर, हँडबिल अन् स्टेटस: कोणती फाईल कुठं द्यावी?

झाडीचा_डिझायनर (ब्रह्मपुरीकडचा)

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली, मंडई (आमच्या झाडीपट्टीतली गावोगावची जत्रा) सुरू झाली का आमच्याकडं नाटकाची कामं एकदम येतेत. वडशाच्या नाटक कंपनीकडून कलाकारांचे फोटो, गावच्या मंडळाकडून तारीख, तिकीट अन् उद्घाटकांची नावं, अन् पोस्टर पायजे उद्याच.

यंदा मंडळानं एकाच डिझाइनचे तीन प्रकार मागितले. चौकात लावायला १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स, वाटायला ए५ हँडबिल अन् पोट्ट्यांच्या स्टेटसले एक. मी मोबाइलवर पिक्सेललॅबमध्ये करतो. फ्लेक्सवाला म्हणते, ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) फाईल आणा. तेवढी साइज टाकली का ॲप बंद पडते. मित्राच्या लॅपटॉपवर फोटोशॉपमध्ये १० बाय ८ फूट अन् ३०० टाकून पाहिलं, तर लॅपटॉपचा पंखाच बोंबलायला लागला.

दुसरं म्हणजे मागच्या पोस्टरमध्ये काळ्यावर लाल अक्षरात नाटकाचं नाव होतं. मोबाइलवर चांगलं दिसे, फ्लेक्सवर अक्षराच्या कडा कुरतडल्यासारख्या आल्या. पांढरी अक्षरं मात्र ठणठणीत. असं काऊन होते? जेपीजी द्यावी का पीएनजी, का आणखी काही?

कापूसकोंड्या

फॉरमॅटचं मागून पाहू. नाटक कोणत्या गावाला आहे ते सांगा आधी.

पिक्सेलबुवा (वर्धा)

३०० चा आग्रह सोडा. हिशेब करून पाहा म्हणजे लॅपटॉप का बोंबलला ते कळेल.

१० फूट म्हणजे १२० इंच. इंचाला ३०० ठिपके धरले तर ३६,००० पिक्सेल रुंदी. ८ फुटांचे ९६ इंच, म्हणजे २८,८०० पिक्सेल उंची. गुणाकार १०३ कोटींच्या वर जातो. छपाईच्या चार रंगांत एका पिक्सेलला चार बाइट लागतात, म्हणजे उघडी फाईल ४ जीबीच्या पुढे. फोटोशॉपची साधी पीएसडी ३०,००० पिक्सेलच्या पुढे जातच नाही, त्यासाठी पीएसबी हा वेगळा प्रकार लागतो. एवढं करून चौकातल्या माणसाला त्यातलं काहीही दिसणार नाही.

३०० हा आकडा हातात धरून वाचायच्या कागदाचा आहे. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक वेगळं दिसतं. एका फुटावरून पाहताना ते इंचाला २८५ ठिपक्यांच्या आसपास भरतं. १० फुटांवर गेलात की तेच २८–२९ वर येतं. २० फुटांवर १४. चौकातला फ्लेक्स रस्त्याच्या पलीकडून पाहतात, कोणी नाक लावून पाहत नाही. अपवाद फक्त खालच्या पट्टीतल्या तिकीट दराचा आणि मोबाइल नंबरचा, ते वाचायला लोक जवळ येतात.

म्हणून १० × ८ साठी ७२ भरपूर झाले: ८,६४० × ६,९१२ पिक्सेल. मोबाइल तेवढंही झेपत नसेल तर त्याच्या निम्मं, ४,३२० × ३,४५६ करा. ते इंचाला ३६ पडतं आणि चौकाला पुरतं.

आता मोबाइलवाल्यांचा नेहमीचा घोळ. "१० बाय ८, ३०० डीपीआय" असं टाकतात, पण एकक इंचाचं असतं. मग फाईल होते ३,००० × २,४०० ची. कागदावर आकडा ३०० दिसतो, पण मशीनने ती फुटात ताणली की इंचाला २५ च ठिपके राहतात. म्हणून डीपीआय विचारूच नका. लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये किती, एवढंच विचारा. डीपीआय ही फाईलला लावलेली चिठ्ठी आहे. ती चिठ्ठी ७२ ची ३०० केली म्हणून चित्रात एक ठिपकाही वाढत नाही.

झाडीचा_डिझायनर

बाप्पा! म्हणजे फ्लेक्सवाल्यालेच हे माहीत नाई का?

फ्लेक्सवाला_आर्णी

फ्लेक्सवाल्याले बोलू नका भाऊ, मी बी तोच धंदा करतो. आमी ३०० कायले सांगतो ते ऐका. ७२ सांगतलं तर लोकं व्हॉट्सॲपवर आलेला फोटो जसाच्या तसा आणते अन् म्हणते, "तुमीच सांगतलं ना ७२." ३०० सांगतलं तर निदान मूळ फाईल तरी शोधते. हिशेब चुकीचा हाय, मान्य. पण काउंटरवर उभ्या असलेल्या मानसाले डोळ्याचा अंश कोण समजावून सांगन?

आता तुमच्या कामाचं सांगतो.

फाईल मशीनवर जायच्या आधी रिपमध्ये (छपाईसाठी फाईल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जाते. तिथं जेपीजी, टिफ, पीडीएफ सगळं चालते. मले विचाराल तर टिफ द्या, एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन लावून. चित्रातलं काई जात नाई, साइज बी आटोक्यात राहते. लॅपटॉप नसन तर जेपीजी द्या, पण क्वालिटी पुरी ठेवून. पीएनजी बी मी घेतो, पण पीएनजीत छपाईचे चार रंग बसतच नाई, तो फक्त स्क्रीनच्या तीन रंगांचा असते. मंग रंग मशीन आपल्या मनानं बदलवते.

मोप काळा पायजे म्हणून चारही रंग १००-१०० करू नका. इतकी शाई फ्लेक्सवर वाळत नाई. गुंडाळला का चिपकते अन् उलगडताना उद्घाटकाच्या तोंडावर डाग पडते. मंग उद्घाटक तुमाले अन् मले दोघाले शोधत येते.

कडेला चारही बाजूनं ३ इंच फ्रेमवर मुडपायले जाते. म्हणून नाव, नंबर, फोटो कडेपासून ५ इंच आत ठेवजा. मागच्या साली एका शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) बॅनरचं बक्षीस फ्रेमच्या मागं गेलं होतं, लोकं मागून जाऊन वाचे.

अन् फाईलच्या नावात साइज लिहजा. "फायनल", "फायनल न्यू", "फायनल न्यू २" अशा फायली माह्याकडं रोज येते. त्यातली कोणती खरी हे धाडणाऱ्याले बी माहीत नसते.

पिक्सेलबुवा

आर्णीकर, ३०० मागण्याची युक्ती पटली. पण एक तोटा सांगतो. पोरं मग ७२ ची फाईल उघडून जबरदस्तीने ३०० ला फुगवतात. पिक्सेल चौपटीवर चौपट होतात, तपशील तेवढाच. पुसट फोटो पुसटच राहतो, फक्त पेनड्राइव्हमध्ये मावत नाही.

आता लाल अक्षरांकडे येतो. यात दोष ना मशीनचा, ना फ्लेक्सचा. तो जेपीजीच्या स्वभावात आहे.

जेपीजी चित्राचे दोन भाग करते. एक उजेड-अंधाराचा, दुसरा रंगाचा. आपला डोळा उजेडातला फरक चटकन टिपतो, रंगातला तेवढा नाही. म्हणून जागा वाचवायला जेपीजी बऱ्याचदा उजेड पूर्ण ठेवते आणि रंग मात्र दर चार पिक्सेलला मिळून एकच ठेवते. पांढरं अक्षर काळ्यावर असेल तर फरक सगळा उजेडाचा, म्हणून कड धारदार राहते. लाल रंग उजेडात मुळातच अंधारा. काळ्यावर लाल लिहिलं की अक्षराची कड जवळपास पूर्ण रंगाच्या भागात जाते, आणि नेमका तोच भाग जेपीजीने जाडाभरडा केलेला असतो. निळ्यावर लाल लिहिलं तर आणखी वाईट.

पिक्सेललॅबमधली तुमची मूळ फाईल मोठी करून बघा, तिथे कड स्वच्छ असेल. मग गॅलरीतली जेपीजी तेवढीच मोठी करा. "मंडई"तला अनुस्वार बघा. लाल ठिपक्याभोवती काळपट-तपकिरी धुरकट चौकोन दिसेल. जेपीजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करून दाबते, त्या तुकड्यांच्या कडा आहेत त्या. रफार आणि अनुस्वार इतके बारीक की ते एखाद्या तुकड्यातच गडप होतात. इंग्रजी अक्षराला हा त्रास कमी, कारण त्याला वर-खाली फारसं काही लटकत नाही.

उपाय असा. फोटोशॉपमध्ये जेपीजी सेव्ह करताना क्वालिटी (तिथल्या ० ते १२ च्या मापात) ७ किंवा वर ठेवा, तिथून पुढे रंगाची ही कपात होत नाही. ६ आणि खाली होते. गिंप या सॉफ्टवेअरमध्ये सबसॅम्पलिंगचा, म्हणजे याच कपातीचा, पर्याय वेगळा असतो, तिथे ४:४:४ निवडा. मोबाइलवर असं काही विचारत नाहीत, म्हणून तिथून पीएनजी काढा आणि फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवरच टिफ करून घ्या.

आणि एकदा जेपीजी केलेली फाईल पुन्हा उघडून, तारीख बदलून, पुन्हा जेपीजी करत बसू नका. दर वेळी थोडं थोडं जातं. पीएलपी (पिक्सेललॅबची मूळ प्रोजेक्ट फाईल) जपून ठेवा, बदल त्यातच करा.

लग्नपत्रिका_पुसद

हँडबिलचं कोणी बोललंच नाही. तिथे मात्र ३०० हवंच, कारण ते हातात धरून वाचतात.

ए५ म्हणजे १४८ × २१० मिमी. कटिंगसाठी चारही बाजूंना ३ मिमी जादा धरा, म्हणजे १५४ × २१६. पिक्सेलमध्ये १,८१९ × २,५५१. मोबाइलला हे सहज झेपेल. पण शक्य असेल तर हँडबिल जेपीजीत देऊच नका, पीडीएफ द्या. पीडीएफमध्ये अक्षरं रेषांच्या रूपात राहतात, कितीही बारीक असली तरी कड फुटत नाही. पिक्सेललॅबमधून तसं निघत नाही, म्हणून मजकूर प्रेसवाल्याकडे कोरलमध्ये (कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) पुन्हा टाइप करून घ्यायची तयारी ठेवा. तासाभराचं काम आहे.

कोरलमधून फाईल देणाऱ्यांसाठी: श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर सगळं निवडून कंट्रोल क्यू मारा, अक्षरांचे कर्व्ह (नुसत्या रेषांचे आकार) होतात. नाहीतर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याच्याकडे "चि. सौ. कां." च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उघडते. कर्व्ह करण्याआधी एक प्रत टाइप केलेल्या स्वरूपात वेगळी ठेवा. कर्व्ह झाल्यावर नाव दुरुस्त करता येत नाही, आणि लग्नघरात नावं शेवटच्या दिवसापर्यंत बदलतात. सीडीआर (कोरलची फाईल) देताना जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करा. नवी फाईल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही आणि गावाकडच्या प्रेसमध्ये कोरल जुनंच असतं.

बारीक काळी अक्षरं चार रंगांत छापू नका, फक्त काळ्या शाईत ठेवा. चार प्लेटा केसभर हलल्या तरी अक्षराला लाल-निळी किनार येते. स्क्रीन प्रिंटिंगची पत्रिका असेल तर गोष्टच वेगळी. तिथे प्रत्येक रंगाचा पॉझिटिव्ह बटर पेपरवर काळ्या रंगात काढतात, म्हणून जेपीजीचा काहीच उपयोग नाही. सोनेरी गणपती पाहिजे असेल तर मला सोनेरी रंगाचा गणपती पाठवू नका, काळा पाठवा. सोनं शाईत असतं.

रंगाबद्दल एकच सांगते. मोबाइलवर चमकणारा पोपटी आणि गडद निळा कागदावर तसा येत नाही. स्क्रीन उजेडाने रंग बनवते, कागद शाईने. तो फरक कोणत्याही फॉरमॅटने भरून निघत नाही. गिऱ्हाइकाला आधीच छापलेला नमुना दाखवा, मोबाइल नको.

कापूसकोंड्या

ताई, आमच्या इकडं गिऱ्हाईक म्हणते, "मोबाइलमधल्यासारखाच पायजे." मग काय करावं?

लग्नपत्रिका_पुसद

ॲडव्हान्स घ्यावा.

झाडीचा_डिझायनर

हे सगळं लिहून घेतलं जी. आता कलाकारांच्या फोटोचं सांगा. कंपनीवाले व्हॉट्सॲपवर धाडतेत. फ्लेक्सवर नायिकेचा फोटो मोठा पायजे अन् तोच पुसट येते.

फ्लेक्सवाला_आर्णी

हे खरं दुखणं हाय. फोटो म्हणून धाडला का व्हॉट्सॲप त्याले लहान करते. एचडी निवडलं तर जरा बरं, पण मूळ फाईल तरी येत नाई. त्याईले सांगा, अटॅचमेंटच्या पिनवरून "डॉक्युमेंट" निवडा अन् मंग तोच फोटो धाडा. तसा गेला का जसाच्या तसा येते, २ जीबीपर्यंत चालते. कंपनीच्या मॅनेजरले एकदा शिकवून द्या, सीझनभर कटकट मिटते.

तुमची तयार फाईल बी मले तशीच धाडजा. नाई तर पेनड्राइव्ह घेऊन या.

पिक्सेलबुवा

किती पुसट येईल ते आधीच कळतं. फोटोत चेहरा किती पिक्सेल उंच आहे ते मोजा. समजा ६०० आहे आणि फ्लेक्सवर तो ३ फुटांचा करायचा आहे. ६०० भागिले ३६ इंच, म्हणजे इंचाला १६–१७. रस्त्यापलीकडून चालेल, जवळून नाही. तर चेहरा २ फुटांचा करा आणि नाव मोठं करा. डिझाइनच्या वेळीच हे ठरतं, एक्सपोर्टच्या वेळी हातात काही उरत नाही.

सेतूवाली_ताई (दर्यापूर)

माझ्याकडे याच्या उलटं काम येतं, पण इथेच विचारते. श्रद्धांजलीचा फ्लेक्स. कोणी वारलं की घरचे लोक पासपोर्ट फोटो घेऊन येतात, तोही रेशनकार्डावरून सोडवलेला. ४ बाय ६ चा फ्लेक्स तेरवीच्या आत पाहिजे असतो. मी स्कॅनरवर करून फ्लेक्सवाल्याला पाठवते. स्कॅन कितीवर करू?

पिक्सेलबुवा

६०० वर करा. ३.५ × ४.५ सेंटिमीटरचा फोटो ६०० वर साधारण ८२७ × १,०६३ पिक्सेलचा होतो. फ्लेक्सवर तो ३ फूट उंच केला तर इंचाला २९–३० पडतात, म्हणजे काम भागलं. १,२०० वर केलंत तर दोन्ही बाजूंना पिक्सेल दुप्पट होतील, पण त्या कागदात तेवढा तपशीलच नसतो. कागदाचा खरखरीतपणा आणि शिक्क्याची शाई तेवढी जास्त स्पष्ट येईल. स्कॅन टिफ किंवा पीएनजीत साठवा. मोबाइलने कागदाचा फोटो काढू नका, चेहरा तिरपा होतो आणि काचेसारखी चमक येते.

फोटो चकचकीत करणारी एआय ॲप्स या कामाला वापरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ती तपशील वाढवत नाहीत, अंदाजाने नवा काढतात. म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या पुसतात, डोळे बदलतात. नाटकाच्या पोस्टरला कोणी हरकत घेणार नाही. पण तेरवीला आलेल्या बहिणीला तो आपला भाऊ वाटत नाही. पुसट असू द्या, माणूस तोच राहिला पाहिजे.

फ्लेक्सवाला_आर्णी

शंभर टक्के. असे फ्लेक्स मी परत छापून देल्ले हायेत.

झाडीचा_डिझायनर

स्टेटसचं राहिलं. १० × ८ चीच फाईल लहान करून टाकली तर चालन का?

पिक्सेलबुवा

नाही. फ्लेक्स आडवा, स्टेटस उभं. लहान केलं तर मधे पट्टी आणि वर-खाली काळं. १,०८० × १,९२० चं नवं पान घ्या आणि मांडणी पुन्हा करा. वरचे आणि खालचे २५०-२५० पिक्सेल मोकळे सोडा, तिथे नाव आणि उत्तराची पट्टी येते. ग्रुपवर टाकायला १,०८० × १,३५० बरं.

अक्षर किती बारीक चालेल त्याचाही हिशेब आहे. मोबाइलची स्क्रीन रुंदीला जेमतेम ७ सेंटिमीटर. १,०८० पिक्सेल त्यात बसले की ३० पिक्सेल उंचीचं अक्षर २ मिलिमीटरचं होतं. "रात्रौ ९.३० वा." त्यात घातलंत तर आजोबा फोन नातवाकडे देतील. ४५ च्या खाली जाऊ नका. सगळ्या सहकलाकारांची नावं स्टेटसवर नकोतच, ती हँडबिलवर शोभतात.

इथे जेपीजी द्या, क्वालिटी १०० पैकी ८० ते ८५, रंग एसआरजीबी (स्क्रीनचे नेहमीचे रंग). छपाईच्या चार रंगांतली जेपीजी स्टेटसला लावू नका, काही फोनवर रंग भलतेच दिसतात. मोठी फाईल टाकून फायदा नाही, ॲप ती स्वतःच्या हिशेबाने पुन्हा दाबतं. ती दाबताना लाल अक्षराचं काय होईल हे आपल्या हातात नसतं, म्हणून लाल अक्षराला पांढरी किंवा पिवळी बारीक किनार द्या. कड मग उजेडाच्या भागात येते आणि टिकते.

कापूसकोंड्या

सरपंचाचा पोट्टा आयफोनवरून फोटो धाडते, तो माझ्या कॉम्प्युटरवर उघडतच नाई. अन् नेटवरून घेतलेले फोटो वेबपी निघतेत. ह्याचं काय?

लग्नपत्रिका_पुसद

आयफोनचा तो एचईआयसी, २०१७ पासून तसाच येतो. त्याला सांगा: सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, "मोस्ट कॉम्पॅटिबल". पुढचे फोटो जेपीजीत येतील. वेबपी फोटोशॉप २३.२ पासून थेट उघडतं, गिंपमध्येही उघडतं. नुसतं नाव बदलून .वेबपी चं .जेपीजी करू नका. आतली फाईल तीच राहते, आणि प्रेसवाल्याचं कोरल ती नाकारतं. आणि नेटवरचे फोटो छापायला घेताना ते कुणाचे आहेत तेही बघा.

सेतूवाली_ताई

नाव बदलायचा प्रकार माझ्याकडे रोजचा. बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मला आयबीपीएसवाले फोटो २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी मागतात, सही १४० × ६० आणि १० ते २० केबी. पोरं ४ एमबीचा फोटो घेऊन येतात, केबी कमी करायच्या ॲपमध्ये टाकतात आणि चेहऱ्याचे चौकोन करून आणतात.

पिक्सेलबुवा

क्रम उलटा होतो म्हणून. आधी क्रॉप करा, मग पिक्सेल २०० × २३० वर आणा, आणि शेवटी क्वालिटी ठरवा. एवढ्या लहान चित्राला ९० क्वालिटी ठेवली तरी बहुतेक वेळा ५० केबीच्या आत बसतं. उलट कधी २० च्या खाली जातं, तेव्हा क्वालिटी आणखी वाढवा.

सेतूवाली_ताई

सहीचं २० च्या वर नाही, १० च्या खाली जातं. पांढऱ्या कागदावर दोन रेघा, त्यात केबी येणार कुठून?

पिक्सेलबुवा

क्वालिटी १०० करून बघा. तरी भरत नसेल तर सही जाड पेनने घ्या आणि कागद पूर्ण पांढरा न करता स्कॅनची हलकी छटा राहू द्या. त्या छटेतच केबी भरतात.